वर्ग तुटतो तो कोठें?

ऑनलाइन वर्गांत सर्वांत अधिक वेळां विचारला जाणारा प्रश्न कोणता, असें कोणीं विचारलें तर त्याचें उत्तर गणिताच्या वा भूगोलाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. ‘आवाज येतो आहे ना?’ हाच तो प्रश्न होय. शिक्षक तो विचारतात; क्षणभर शांतता पसरते; मग दोन-चार मुलें ‘हो’ म्हणतात, एकाचें तोंड हलतांना दिसतें पण शब्द ऐकूं येत नाहीं, एकाचें चित्र गोठून राहतें, आणि एकाच्या जागीं नुसता काळा चौकोन उरतो. तास पुढें चालूं लागतो. घरांतील वडील माणसें ‘नेट गेलें’ एवढें बोलून मोकळीं होतात. परंतु ‘नेट गेलें’ हें कांहीं निदान नव्हे. अंगांत ताप आहे एवढें म्हटल्यानें जसा रोग कळत नाहीं, तसेंच हें. वर्गाचा धागा नक्की कोठें तुटला हें शोधून काढण्याची एक सरळ रीत आहे. ती शिकण्यास अभियंता व्हावें लागत नाहीं. आणि ती ठाऊक नसल्यानें होणारें नुकसान मात्र सर्वस्वीं मुलाच्या पदरीं पडतें.

हें नुकसान चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशांत विशेष जाणवतें. वर्धा नदीच्या काठचें बल्लारपूर ही एके काळची गोंड राजांची राजधानी. आज तें कागदाचा कारखाना, भोंवतालच्या कोळशाच्या खाणी, सागवानाची वखार आणि बल्हारशाहचें रेल्वे-जंक्शन यांकरितां ओळखलें जातें. अशा नगरांत निदान इंटरनेटची वाट दाराशीं आलेली असते. परंतु तेथून पूर्वेस वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यांत शिरलें कीं चित्र पालटतें. या जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारें सत्तर टक्के भाग वनानें व्यापला आहे. गांवें लहान, अंतरें मोठीं, मध्यें नद्या आणि झाडी. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आला, तेव्हां खाणीच्या वसाहतींतील मुलगा आणि अहेरीपलीकडील मुलगी यांना एकच वेळापत्रक लागूं झालें. वाट मात्र एकसारखी नव्हती. ‘असर’ या संस्थेच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतांत शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या घरीं स्मार्टफोन असण्याचें प्रमाण २०१८ मध्यें ३६.५ टक्के होतें, तें २०२० मध्यें ६१.८ टक्क्यांवर गेलें. वाढ मोठी खरी. तथापि घरांत एक मोबाइल आणि त्यावर दोन-तीन भावंडांचा अभ्यास, अशी स्थिति पुष्कळ घरीं होती. आतां महामारी सरली आणि शाळा भरूं लागल्या, तरी परीक्षांच्या शिकवण्या, शिक्षकांचीं प्रशिक्षणें, दूरस्थ अभ्यासक्रम या निमित्तानें ही रीत घरांत राहिलीच आहे. म्हणून तिच्यांतील दोष ओळखतां येणें ही कालबाह्य विद्या नव्हे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, शिक्षकाचा शब्द मुलाच्या कानापर्यंत जातो कसा. जुन्या टेलिफोनांत बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें एक वाट संभाषण संपेपर्यंत राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर तशी राखीव वाट नसते. येथें आवाजाचे बारीक तुकडे करतात; साधारणतः एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता व अनुक्रमांक घालून तो टपालाच्या कार्डासारखा स्वतंत्रपणें रवाना होतो. चित्राचेहि असेच तुकडे होतात, आणि ते संख्येनें कितीतरी अधिक असतात. हीं कार्डें सारख्या अंतरानें पोंचतीलच अशी हमी नाहीं. कांहीं मागें-पुढें येतात, कांहीं वाटेंत गहाळ होतात. यासाठीं घेणाऱ्या यंत्रांत एक छोटें प्रतीक्षालय असतें. तेथें तुकडे क्षणभर थांबवून, क्रमानें लावून, मग ऐकविले जातात. पण हें प्रतीक्षालय फार मोठें करून चालत नाहीं, कारण प्रश्नाला उत्तर येण्यास फार वेळ लागूं लागला कीं संभाषण हें संभाषणच राहत नाहीं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणें बोललेला शब्द शक्यतों १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या सुमारें सातव्या हिश्शाच्या आंत समोरच्याच्या कानीं पडावा. जो तुकडा मुदतींत आला नाहीं, तो मागाहून आला तरी निरुपयोगीच. गाडी सुटल्यावर फलाटावर पोंचलेल्या उतारूसारखी त्याची गत होते.

यावरून एका नेहमींच्या कोड्याचा उलगडा होतो. ‘यूट्यूबवरचीं गाणीं बरीं चालतात, मग वर्गच कां अडखळतो?’ असें मुलाला दटावणारे पालक थोडे नाहींत. मूल बहाणा करीत आहे असा त्यांचा समज होतो. वस्तुतः दोहोंत मोठा फरक आहे. गाणें आधींच तयार असतें. यंत्र त्याचा पुढील भाग आगाऊ मागवून सांठवितें, आणि वाट थोडा वेळ बंद पडली तरी तो सांठा पुरतो. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवितां येतो. वर्गाचें तसें नाहीं. शिक्षकानें अद्याप न उच्चारलेला शब्द आगाऊ कोण सांठविणार? घरांत मोठी टाकी असेल तर नळाला दिवसांतून दोन तास पाणी येऊनहि भागतें. ओंजळीनें पिणाऱ्याला मात्र धार अखंड हवी. वर्गाला वेगवान वाटेपेक्षां एकसारखी वाट अधिक मोलाची असते. वेग मोजणाऱ्या ॲपवर मोठा आंकडा दिसला म्हणजे वर्ग नीट चालेलच, असें म्हणूनच समजूं नये.

दुसरा गैरसमज अंतराविषयींचा. बल्लारपूरच्या शिक्षकाचा आवाज अहेरीच्या मुलाकडे सरळ जात नाहीं. तो बहुधा मुंबई किंवा हैदराबादसारख्या शहरांतील मोठ्या संगणकागाराला वळसा घालून येतो. हें ऐकून एवढ्या लांबच्या फेऱ्यामुळेंच उशीर होत असावा असें वाटतें. परंतु कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. हजार किलोमीटर जाऊन तितकेच परत येण्यास त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरे होतो. उपग्रहाची गोष्ट निराळी. भारतानें शिक्षणासाठीं २० सप्टेंबर २००४ रोजीं सोडलेला एज्युसॅट हा भूस्थिर उपग्रह होता, आणि भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तेथवर जाऊन खालीं येण्यास शब्दाला पाव सेकंद लागतो. प्रश्नोत्तरांतील ती दरी कोणालाच बुजवितां येण्यासारखी नसते. भूमीवरील वाटेंत मात्र जो उशीर होतो तो लांबीचा नसून गर्दीचा असतो. दिल्लीहून चेन्नईस जाणारी गाडी बल्हारशाहच्या अलीकडे सिग्नलपाशीं खोळंबते, तेव्हां दोष रुळांच्या लांबीचा नसतो. फलाट मोकळा नसतो, एवढेंच. अशी अडवणूक कोठें होते तें हुडकणें, हेंच निदानाचें खरें काम.

या वाटेच्या चार कड्या मानाव्या. पहिली मुलाच्या हातांतील यंत्र; दुसरी घरांतल्या घरांत राउटरपासून त्या यंत्रापर्यंतची वायफायची वाट; तिसरी घरापासून टॉवर किंवा तारेवाटे बाहेर जाणारा मार्ग; आणि चौथी शिक्षकाची बाजू व वर्ग चालविणारी सेवा. कोणत्याहि वैद्यानें प्रथम विचारावा असा प्रश्न येथें एकच: एकाचें तुटलें कीं सर्वांचें? शिक्षकाचा आवाज सगळ्यांनाच तुटक येत असेल तर दोष चौथ्या कडींत आहे, आणि तीस घरांतील तीस राउटर बंद-चालूं करण्यांत कांहीं अर्थ नाहीं. एकाच मुलाला तुटक येत असेल तर दोष पहिल्या तीन कड्यांपैकीं एकींत आहे. एकाच गांवांतील किंवा एकाच कंपनीच्या सिमवरील तीन-चार मुलें एकदम गळालीं तर संशय तिसऱ्या कडीवर जातो. या एका प्रश्नानें निम्मी शोधाशोध वांचते.

पहिल्या कडीची परीक्षा सोपी आहे. तोच वर्ग त्याच जागीं दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहावा. तेथें नीट चालला तर दोष यंत्राचा. वर्गाचें चित्र उलगडणें आणि आपलें चित्र गुंडाळून पाठविणें हें एकाच वेळीं करावें लागत असल्यानें स्वस्त वा जुना मोबाइल थकतो. त्यांत मागें दहा ॲप उघडे असतील तर अधिकच. ते बंद करावे, यंत्र एकदां बंद करून पुन्हा चालूं करावें, आणि बॅटरी वांचविण्याची सोय वर्गापुरती काढून टाकावी, कारण ती यंत्राचा वेगच कमी करते. चंद्रपूरकडे आणखी एक कारण ध्यानांत ठेवलें पाहिजे, तें म्हणजे उष्णता. आयफोनच्या निर्मात्यांनीं तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा असें सांगून ठेवलें आहे. आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जाणें हें नवलाचें नाहीं. तापलेला मोबाइल स्वतःस वांचविण्यासाठीं पडदा मंद करतो आणि काम संथ करतो. वर्ग पहिलीं वीस मिनिटें चांगला चालून मग अडखळूं लागला आणि मोबाइल हाताला चटका देऊं लागला, तर इंटरनेटला बोल लावण्यापूर्वीं त्याचें जाड वेष्टण काढावें, तो चार्जिंगवरून काढावा आणि पत्र्याखालून हलवून सावलींत ठेवावा.

दुसरी कडी वायफायची. येथें पुष्कळ घरीं एक चूक आढळते. राउटर दिसावयास बरा नाहीं म्हणून तो दिवाणखान्याच्या कोंपऱ्यांत, दूरचित्रवाणीच्या मागें किंवा लोखंडी कपाटावर ठेवतात, आणि मूल दोन भिंतींपलीकडे बसतें. वायफायच्या लहरींना लोखंड, आरसा, पाण्याची टाकी आणि जाड भिंत हीं अडथळाच होत. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती अधिक सहज ओलांडतात; पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यांत बोलत असतात, आणि या पट्ट्यांत परस्परांना अडथळा न करणाऱ्या वाटा तीनच, म्हणून दाट वस्तींत तेथें गलका होतो. मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धां याच पट्ट्यांत काम करते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान आणि कमी गर्दीच्या, पण भिंतीपुढें लवकर हार खाणाऱ्या. म्हणून मूल राउटरच्याच खोलींत बसणार असेल तर दुसरा पट्टा आणि दूर बसणार असेल तर पहिला पट्टा निवडावा. परीक्षा अशी: राउटरपासून दोन हातांवर बसून वर्ग पाहावा, किंवा संगणक असल्यास तो तारेनें राउटरला जोडावा. तेथें धागा अखंड राहिला तर दोष घरांतल्या वाटेचा, बाहेरच्या कंपनीचा नव्हे. विजेचीहि आठवण ठेवावी. दिवा क्षणभर लुकलुकला तरी राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहण्यास दोन-तीन मिनिटें घेतो. तेवढ्यांत गणिताची एक पायरी निसटते. दिव्या-पंख्याला इन्व्हर्टर असतांना राउटरची तार त्यावर नसावी, असें पुष्कळ घरीं दिसतें.

तिसरी कडी बाहेरची, आणि वनप्रदेशांत सर्वांत दुबळी तीच. मोबाइलवरील लहानमोठ्या रेघा पाहून लोक वाटेची परीक्षा करतात. पण त्या रेघा फक्त टॉवरची हांक मोबाइलला किती स्पष्ट ऐकूं येते तेवढेंच सांगतात. मोबाइलची साद टॉवरला ऐकूं जाते कीं नाहीं, हें त्यांवरून कळत नाहीं. टॉवरची शक्ति कित्येक वॅटची असते. ४जी मोबाइल मात्र अधिकांत अधिक वॅटच्या पांचव्या हिश्शानें बोलतो. त्यामुळें दूरच्या वस्तींत मुलाला शिक्षक ऐकूं येतात, पण त्यानें दिलेलें उत्तर शिक्षकांना ऐकूं जात नाहीं, असा प्रकार घडतो. शिक्षकाला वाटतें, मुलगा गप्प आहे. शिवाय एकाच टॉवरवर शेंकडों मोबाइल लागलेले असतील तर रेघा भरलेल्या दिसूनहि प्रत्येकाच्या वांट्यास थोडेंच येतें. मोबाइलच्या सेटिंगमध्यें सिमच्या स्थितीखालीं हा जोर उणे आंकड्यांत लिहिलेला असतो. उणे ९० च्या आसपास तो चांगला आणि उणे ११० च्या खालीं दुबळा समजावा. या मोजणींत दहाचा फरक म्हणजे जोर दसपट कमी. हा आंकडा हातांत धरून घराच्या निरनिराळ्या कोंपऱ्यांत, खिडकीशीं आणि गच्चीवर फिरून पाहिलें तर बसण्याची योग्य जागा अंदाजानें नव्हे, मापानें ठरवितां येते.

झाडीचा परिणामहि खरा आहे. पानांतील पाणी लहरी शोषून घेतें, आणि लहरी जितक्या अधिक कंपनसंख्येच्या तितका हा शोष अधिक. सागवान उन्हाळ्यांत पर्णहीन असतो आणि पावसाळ्यांत त्याचीं रुंद पानें दाट होतात. विदर्भांतील शाळा उन्हाळ्यामुळें जूनच्या अखेरीस भरतात, म्हणजे नेमक्या रान हिरवें होण्याच्या वेळीं. मे महिन्यांत जेथें वर्ग दिसत होता तेथें ऑगस्टमध्यें तो तुटूं लागला, तर मोबाइल बिघडला असें मानण्याचें कारण नाहीं. खुद्द पावसाच्या धारा मोबाइलच्या लहरींना फारसा अडथळा करीत नाहींत. परंतु दोन टॉवरांमधील निरोप ज्या अतिउच्च कंपनसंख्येच्या लहरींनीं जातात त्यांना मुसळधार पाऊस बाधतो, आणि वीज दीर्घकाळ गेली तर टॉवरची बॅटरीहि संपते. उंच जागीं वाट कां सांपडते हेंहि यावरून उमगेल: तेथें मध्यें झाडें आणि जमिनीचा उंचवटा राहत नाहीं. २०२० सालीं कोकणांतील एका विद्यार्थिनीनें डोंगरावर खोपटें बांधून शिक्षण चालूं ठेवल्याची वार्ता महाराष्ट्रभर गाजली. तिच्या जिद्दीचें कौतुक झालें तें योग्यच. पण शिक्षणासाठीं मुलीला डोंगर चढावा लागला, हें कौतुकाच्या भरांत विसरतां कामा नये.

गडचिरोलीच्या आंतील भागांत तर प्रश्न लहरींच्या जोराचाच नव्हता. नक्षलप्रभावित भागांत मोबाइलचे टॉवर उभारण्याची योजना केंद्र सरकारनें २०१४ मध्यें मंजूर केली. ते टॉवर २जी पद्धतीचे होते, म्हणजे मुख्यतः बोलण्यापुरते व छोट्या संदेशापुरते. अशा २,३४३ ठिकाणीं ४जी आणण्यास मंत्रिमंडळानें मान्यता दिली ती एप्रिल २०२२ मध्यें. ऑनलाइन वर्गांचीं दोन वर्षें तोंवर उलटून गेलीं होतीं. त्या काळांत अशा टॉवरखालच्या मुलाच्या मोबाइलवर रेघा भरलेल्या असत, आजोळीं फोनहि लागत असे, पण वर्ग उघडत नसे. दुरून पाहणाऱ्याला तो आळशीपणा वाटावा यांत आश्चर्य नाहीं.

कांहीं तुटणें हा मुळीं बिघाडच नसतो. झूम सेवेचा विनामूल्य वर्ग ४० मिनिटांनीं आपोआप संपतो. गूगल मीटवर विनामूल्य सभेला तिघे किंवा त्याहून अधिक असले तर ही मर्यादा एक तासाची आहे. दुसरी मर्यादा मोबाइलच्या दैनिक वांट्याची. झूमनें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट लागतात आणि चांगल्या चित्राला ६००. दोन्ही बाजूंनीं चित्र चालूं ठेवलें तर तासाला सुमारें ५४० मेगाबाइट खर्च होतात. दिवसाला दीड गिगाबाइटचा वांटा असेल तर तो पावणेतीन तासांत, म्हणजे चाळीस मिनिटांच्या चौथ्या तासाच्या शेवटीं संपतो. भावंडानें सकाळीं एखादा चित्रपट पाहिला असेल तर त्याआधींच. वांटा संपल्यावर कित्येक योजनांत वेग ६४ किलोबिटांवर येतो, आणि तेवढ्यांत धड आवाजहि मावत नाहीं. रोज चौथ्याच तासाला गळणारा मुलगा त्या विषयाला कंटाळला आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं हा हिशेब करून पाहावा. नुसत्या आवाजावर तोच दीड गिगाबाइट वीस तास पुरतो.

या सगळ्या परीक्षा ध्यानांत ठेवण्यापेक्षां आठवडाभर एक वही ठेवणें उपयोगी. वर्ग तुटला कीं वेळ लिहावी. आवाज गेला, चित्र गेलें कीं सगळेंच गेलें तें लिहावें. त्या वेळीं वीज होती काय, मूल कोठें बसलें होतें, इतर कोणाचें तुटलें काय, हेंहि लिहावें. सात दिवसांनीं वही स्वतःच बोलूं लागते. ठराविक घटकेला तुटत असेल तर गर्दी किंवा संपलेला वांटा. ठराविक जागीं तुटत असेल तर भिंत वा झाड. विजेबरोबर तुटत असेल तर राउटर वा टॉवरची बॅटरी. सर्वांचें तुटत असेल तर शिक्षकाची बाजू. कंपनीकडे तक्रार नेतांनाहि ‘नेट चालत नाहीं’ या वाक्यापेक्षां अशा नोंदींचा कागद अधिक काम करतो.

चौथी कडी शिक्षकाची, आणि तिची जबाबदारी सर्वांत मोठी, कारण तेथील एक दोष साऱ्या वर्गाला भोंवतो. शिक्षकानें शक्य तर तारेची जोडणी वापरावी, तोंडाजवळचा मायक्रोफोन घ्यावा आणि चित्रापेक्षां आवाजाला अग्रस्थान द्यावें. चित्र गोठलें तरी धडा समजतो. शब्द गाळला गेला तर समजत नाहीं. शिक्षकाचा चेहरा हलता ठेवण्यापेक्षां स्थिर फळा दाखविणें फार स्वस्त पडतें. आकृति व गणितें आदल्या दिवशींच मुलांकडे पाठविलीं तर वर्गांत आवाजच तेवढा पोंचवावा लागतो. मुलांनीं आपलें चित्र सतत दाखवावें हा आग्रह शिस्तीच्या दृष्टीनें ठीक वाटला, तरी तो दुबळ्या वाटेवरील मुलाला वर्गाबाहेर ढकलतो.

येथें रेडिओची आठवण होणें साहजिक आहे. १९४८ मध्यें नागपूरला आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हांपासून विदर्भाच्या घराघरांत शब्द पोंचत आला आहे. प्रक्षेपणाची लहर एकदां निघाली कीं ती दहा घरांनीं ऐकली काय वा दहा लाखांनीं ऐकली काय, कोणाचा वांटा कमी होत नाहीं. ऑनलाइन वर्गांत मात्र प्रत्येक मुलासाठीं निराळा प्रवाह धाडावा लागतो. २०२० सालीं नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ आणि सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ हे कार्यक्रम मुलांसाठीं झाले, त्यांत हेंच शहाणपण होतें. परंतु रेडिओला मुलाचा प्रश्न ऐकूं येत नाहीं. ऑनलाइन वर्गाची सारी थोरवी या एकाच गोष्टींत आहे कीं तेथें मूल विचारूं शकतें. तें मूल गळालें आणि कोणाला पत्ता लागला नाहीं, तर वर्ग रेडिओहूनहि दरिद्री ठरतो.

आणि पत्ता न लागण्याचें कारण वाटेच्या स्वभावांतच आहे. जो मुलगा तुटतो तो आपण तुटलों हें सांगूं शकत नाहीं, कारण सांगण्याचें साधनच तुटलेलें असतें. पडद्यावर त्याची अडचण आणि त्याची बेफिकिरी सारख्याच दिसतात. म्हणून प्रत्येक वर्गाला एक दुसरी, साधी वाट आधींच ठरवून ठेवली पाहिजे. साधा फोन आणि छोटा संदेश दुबळ्या टॉवरवरूनहि बहुधा जातो. गळालेल्या मुलानें पालकांच्या मोबाइलवरून ‘तुटलें’ एवढा एक शब्द धाडावा. वर्गांतील एका मुलाकडे असे संदेश टिपण्याचें काम असावें. आणि तास संपल्यावर शिक्षकानें अशा चार-पांच मुलांना एकाच साध्या फोनवर एकत्र जोडून निसटलेली पायरी पांच मिनिटांत सांगावी. यास ४जी लागत नाहीं, नवा मोबाइल लागत नाहीं. फक्त कोण गळालें हें पाहण्याची संवय लागते. कांचतंतु भामरागडच्या प्रत्येक पाड्यावर पोंचेपर्यंत वाट दुबळीच राहील, आणि पोंचल्यावरहि ती अधूनमधून तुटेल. तोंवर हजेरीपटावर ‘गैरहजर’ असें लिहिण्यापूर्वीं मूल गेलें कीं वाट गेली, एवढें विचारून घेणें हें शिक्षकाचें आणि पालकाचें दोघांचेंहि काम आहे.